अपघात नव्हे, लादलेला खर्च

पुरात वाहून गेलेल्या मेंढीची किंमत सरकारला ठाऊक असते. केंद्राच्या आपत्ती-मदतीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत ती ४,००० रुपये धरली होती. तीच मेंढी विषाने मेली, तर त्या यादीत तिला जागा नव्हती. पूर हा दैवाचा कोप आणि विषबाधा ही मेंढपाळाची बेपर्वाई, असे हे राजमान्य अर्थशास्त्र!

बुलढाणा जिल्ह्यातील धनगर शेतात मेंढ्या बसवीत. शेताला लेंडीखत मिळे, धनगराला धान्य. युरियाने या व्यवहाराचे मोल उतरविले. आता रासायनिक खतांतले नायट्रेट भूजलात उतरले आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात जिल्ह्यातील दहापैकी नऊ नमुन्यांत ते मर्यादेपलीकडे आढळले. केवळ विहिरीच्या पाण्याने मेंढी मरत नाही, हे मान्य. परंतु भरमसाट खत घातलेला आणि पावसाने ताण दिलेला चारा पोटात गेला, की नायट्राइट तयार होते, रक्त तपकिरी पडते आणि तांबड्या पेशी शाबूत असूनही प्राणवायू वाहून नेत नाहीत.

तांब्याचे विष याहून कपटी. चराऊ राने आकसली की मेंढपाळ पोत्यातले खाद्य घेतो, आणि ते बहुधा गाईम्हशींसाठी केलेले असते. गाईला मानवणारे तांबे मेंढीला पुरेसे बाहेर टाकता येत नाही. आठवडेच्या आठवडे ते यकृतात साठते. मग लांबची चाल किंवा उपासमार घडते, साठा एकदम रक्तात उतरतो आणि तांबड्या पेशी फोडतो. डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, एक-दोन दिवसांत मरण. तोवर ते पोते कोणाच्या लक्षातही नसते. कावीळ झाली, एवढे म्हणून सारे मोकळे!

वेळीच ओळखल्यास अमोनियम मॉलिब्डेटचा उपयोग होतो, नायट्राइटवर मिथिलिन ब्लू आहे. प्रश्न ओळखण्याचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात माणसांचे केस गळू लागले, तेव्हा गावोगाव पथके गेली, पाणी तपासले गेले. (पुढे संशय रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे वळला, हे निराळे.) मेंढरांच्या कळपासाठी असे पथक कोण धाडणार?

खाद्याच्या प्रत्येक पोत्यावर तांब्याचे प्रमाण आणि 'मेंढ्यांना देऊ नये' हा इशारा ठळक मराठीत छापणे सक्तीचे करा. मेलेल्या मेंढीचे यकृत तपासण्याची सोय तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून विनामूल्य द्या. विषबाधेची भरपाई हक्क म्हणून द्या आणि तिचा निधी खाद्य व खते विकून नफा मिळविणाऱ्यांवर उपकर बसवून उभारा.