एक गोळी, दोन औषधं

रात्री दोनला अंगातून वाफा येतात, गाऊन घामाने भिजतो, छाती धडधडते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. पाळी जाण्याच्या वयातला हा त्रास बहुतेक घरांना ओळखीचा आहे. त्यावर हार्मोन आणि मन शांत करणारं औषध एकाच गोळीत देण्याची कल्पनाही जुनी. इस्ट्रोजेन आणि क्लोरडायझेपॉक्साइड एकत्र असलेली 'मेनरियम' ही गोळी अमेरिकेत मिळायची. आपल्याकडे बहुतेकींना ही औषधं वेगवेगळी मिळतात, कधी दोन वेगळ्या डॉक्टरांकडून. म्हणजे एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही!

गर्भपिशवी शाबूत असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही. पिशवीचं अस्तर वाढत राहतं आणि कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतं. स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गाठ, पक्षाघात किंवा यकृताचा आजार झालेला असेल तर आधीच सांगा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर डाग दिसला, तर 'परत आली वाटतं' म्हणून सोडून देऊ नका. एकच पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं किंवा एकाएकी दम लागला तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

मला मात्र जास्त काळजी दुसऱ्या औषधाची वाटते. कारण ते घेतल्यावर बरं वाटतं! हार्मोन काही वर्षं चालू शकतं. हे थोड्या आठवड्यांपुरतंच असावं. रोज घेतलं की शरीराला सवय लागते, आणि एकदम बंद केलं तर झोप उडते, हात थरथरतात, झटकेही येऊ शकतात. दोन्ही एकाच गोळीत असली की एक थांबवून दुसरं चालू ठेवणं जमत नाही. वाफा आटोक्यात येऊन झोप लागू लागली, की कित्येकींची घालमेल आपोआप कमी होते. तेव्हा डॉक्टरांना विचारून हे औषध हळूहळू कमी करत न्या.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पोटातल्या कळांसाठी मिळणाऱ्या काही गोळ्यांतही क्लोरडायझेपॉक्साइड असतं. एक पोटासाठी, एक झोपेसाठी, असं करत नकळत दुप्पट डोस जातो. त्यात दारू, कोडीनवालं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलची भर पडली तर श्वास मंदावू शकतो. या औषधाची गुंगी दुसऱ्या दिवशीही राहते, म्हणून स्कूटर चालवताना जपून. साठीच्या पुढच्या बायका रात्री बाथरूमला उठताना पडतात, त्यामागेही कधी हीच गोळी असते.

हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये येतं, म्हणजे केमिस्टने चिठ्ठी पाहून रजिस्टरमध्ये नोंद करायची असते. 'मागच्यासारखीच द्या' म्हटल्यावर कुणी काउंटरवरून काढून दिली तर घेऊ नका. शेजारणीची उरलेली गोळीही नको.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून न्या, पोटाच्या आणि सर्दीच्यासुद्धा. एखादा डोस चुकलाच, तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.