सर्वांत खोल डायव्हचा विक्रम बंद करा

प्रति,
संपादक, गिनीज वर्ल्ड रेकॉर्ड्स, लंडन



स्कूबा डायव्हिंगमधल्या सर्वाधिक खोलीचा विक्रम आपण इजिप्तच्या अहमद गाब्र यांच्या नावावर नोंदवला आहे: ३३२.३५ मीटर, दहाब, सप्टेंबर २०१४. त्यांच्या तयारीबद्दल मला आदर आहे. तरीही विनंती करतो, की या प्रकारात यापुढे नवा विक्रम स्वीकारू नका.

मालवणला मी नवशिक्यांना डायव्हिंग शिकवतो. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "सर, जास्तीत जास्त किती खोल जाता येतं?" त्यांना मीटरमधलं उत्तर हवं असतं, आणि आपल्या यादीत ते तयार मिळतं.

खरी मर्यादा श्वासाची असते. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, तशी छातीत जाणारी हवाही दाट होते. लिटरमागे ५.२ ग्रॅमपर्यंत ठीक, ६.२ च्या पुढे जाऊ नये, असं आज तज्ज्ञ सांगतात. साधी हवा ही रेघ चाळीस मीटरच्या आतच ओलांडते. म्हणून हेलियम मिसळतात, पण अतिखोल पाण्यात तोही पुरत नाही.

डेव्हिड शॉ दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होलमध्ये २७० मीटरवर जाऊन सुखरूप परतले होते. तिथे त्यांना एका तरुणाचा मृतदेह दिसला. तो वर आणायला जानेवारी २००५ मध्ये ते पुन्हा उतरले. खोली तीच, माणूसही तोच. या वेळी मात्र हातांना काम होतं. मृतदेह पिशवीत भरताना दोऱ्यांचा गुंता झाला, धाप लागली, तो दाट वायू फुप्फुसांतून पुरेसा बाहेर पडेना आणि कार्बन डायऑक्साइड साचत गेला. ते जिवंत परतले नाहीत. त्यांच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यात श्वासांची वाढती घाई ऐकू येते. मग २७० मीटर सुरक्षित होतं की नव्हतं?

गाब्र यांना खाली जायला साधारण पाव तास लागला, वर यायला तेरा तासांहून जास्त. आपण नोंदवता तो आकडा पाव तासाचा. गाय गार्मन त्याच आकड्यापुढे जायला २०१५ मध्ये सेंट क्रॉयजवळ उतरले, ते परतले नाहीत.

झोपेविना राहण्याचे विक्रम घातक म्हणून आपणच बंद केलेत. तोच निकष इथे लावा. ते होईपर्यंत निदान त्या मीटरशेजारी वर यायला लागलेले तास, वापरलेले वायू आणि खाली थांबलेल्या मदतनीसांची संख्या छापा.

आपला,
मालवणचा एक डायव्हिंग प्रशिक्षक