जुनी मशीद आणि आपले कर्तव्य

कुवेत म्हटले की आज तेल व नोकरीनिमित्त तेथे गेलेले भारतीय आठवतात. परंतु याच बंदरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत एक लहानसा यहुदी समाज नांदत होता व त्याचे सिनेगॉगही होते. त्यांतील बहुतेक कुटुंबे इराककडून आलेली. प्रसिद्ध संगीतकार बंधू सालेह (जन्म १९०८) व दाऊद (जन्म १९१०) कुवेतचेच. बगदादमध्ये त्यांनी कीर्ती मिळविली व १९५१ मध्ये ते इस्राएलला आले. पुढे इराकमध्ये त्यांची गाणी गायली गेली. त्यांची नावे मात्र गाळण्यात आली. आज कुवेतमध्ये यहुदी समाज उरलेला नाही. समाज उठून गेला की वास्तू पोरकी होते, आणि नोंद नसेल तर नावही पुसले जाते, हाच यातील बोध होय.

आपली स्थिती अद्याप तशी नाही. मुंबईच्या मांडवी भागातील शाआर हारहमीम, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांची 'जुनी मशीद', आजही उभी आहे. इंग्रजांच्या सैन्यातील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटले व त्यांनी १७९६ मध्ये नवस फेडण्यासाठी ती बांधली, अशी परंपरा आहे. १८६० मध्ये ती सध्याच्या जागी आली. यरुशलेम पश्चिमेस, म्हणून हेखालही पश्चिमेस. मध्यभागी कठड्याने वेढलेली तेबा, वर स्त्रियांसाठी सज्जा, आणि एलियाहू हन्नाबीची खुर्ची. कोकणातून आलेल्या कोणासही हीच मांडणी आपल्या गावच्या प्रार्थनामंदिरात आढळेल. अलिबागचे प्रार्थनामंदिर १८४८ चे असून १९१० मध्ये ते नव्याने बांधले गेले.

कोणी म्हणतील, डागडुजी विश्वस्त पाहतात, मग आपण काय करावे? देणगी अवश्य द्यावी. परंतु देणगीदारांच्या नावाची आणखी एक संगमरवरी पाटी लागली म्हणून वास्तूचा इतिहास लिहिला गेला, असे होत नाही. आजोबा कोणत्या बाकावर बसत, सिमहाथ तोराला सेफेर कोणाच्या हाती दिले जाई, हजानसाहेब कोणत्या चालीवर पियुट म्हणत, सज्ज्यातून आजीला काय दिसे, हे भिंती सांगणार नाहीत. ते सांगणारी पिढी आज आपल्या घरांतच आहे, आणि दरवर्षी विरळ होत आहे.

शिक्षकी पेशात आयुष्य गेल्याने आम्हांस गृहपाठ देण्याची सवय आहे; वाचक बंधुभगिनींनी तो गोड मानून घ्यावा. येत्या शब्बाथनंतर प्रत्येक घरात एक वही उघडावी. नातवंडांनी विचारावे, वडीलधाऱ्यांनी आपल्या प्रार्थनामंदिराचा आराखडा हाताने काढून दाखवावा, आणि उत्तरे मराठीतच लिहावीत. त्या आठवणींची भाषा मराठी आहे. नातवंडांना ती वाचता येत नसेल, तर शिकविण्यास याहून चांगले निमित्त कोणते?

कुवेतचे ते लहानसे सिनेगॉग कोणी असे वहीत उतरवून ठेवले असते, तर आज आपणही त्याच्या दारातून आत डोकावलो असतो.