श्रोत्याचे मौन आणि अभिप्रायपत्राचा गोंगाट

मराठी समीक्षेने वाचकाला सिंहासनावर बसवून आता बराच काळ लोटला. याउस यांचे ‘अपेक्षांचे क्षितिज’, इझर यांचा संहितेतील रिकाम्या जागा भरणारा वाचक आणि त्यांच्या कितीतरी शतके आधीचा अभिनवगुप्तांचा सहृदय यांची नावे घेतल्यावाचून आमचे चर्चासत्र पार पडत नाही. परंतु ही नावे ज्या सभागृहात उच्चारली जातात, तेथे समोर बसलेल्या श्रोत्याला तुमच्यापर्यंत काय पोहोचले, असे कोणी विचारत नाही. विचारले जाते ते छापील अभिप्रायपत्रातून. आणि तो न विचारण्याचाच एक सभ्य प्रकार होय.

रायगडच्या किनाऱ्यावरील एका महाविद्यालयात लोकसाहित्यविषयक चर्चासत्रास प्रस्तुत लेखक उपस्थित होता. आगरी लग्नातील धवल्यांवर चार निबंध वाचले गेले. चौथा संपण्यापूर्वीच मुंबईकर मंडळी मांडव्याची लाँच गाठण्यासाठी निघून गेली होती. त्यांची अभिप्रायपत्रे मात्र सकाळीच जमा झाली होती, कारण त्यांवाचून प्रमाणपत्र मिळणार नव्हते. विषयाची निवड उत्तम, सादरीकरण उत्तम, भोजनव्यवस्था अत्युत्तम! शाल-श्रीफळ देण्यासाठी बोलावलेली एक वृद्ध धवलारीण मागच्या रांगेत बसली होती. कोणता धवला कोणत्या विधीला म्हणायचा हे कोणी सांगितलेच नाही, असे ती शेजारणीला हळूच म्हणाली. त्या दिवसातील खरी समीक्षा एवढीच होती. तिला अभिप्रायपत्र दिले गेले नाही, कारण ती ‘सहभागी’ नव्हती.

हा दोष एका महाविद्यालयाचा नाही. १९९४ मध्ये नॅकची स्थापना झाली, २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी चर्चासत्रातील निबंधाला गुण चिकटवले, आणि अभिप्राय हा पुराव्याचा कागद झाला. त्याचा अभिप्रेत वाचक वक्ता नव्हे, आयोजकही नव्हे. त्याचा अभिप्रेत वाचक म्हणजे फाईल.

यावर आमचे विद्वान म्हणतील की श्रोत्यांच्या पसंतीवर ज्ञानाची प्रत ठरवू लागलो, तर विनोदी वक्ता जिंकेल आणि अवघड विचार हरेल. हा आक्षेप खोटा नाही. पाचपैकी किती गुण, असे विचारले तर तसेच होईल. पण त्यातून निष्कर्ष निघतो तो प्रश्न बदलण्याचा, श्रोत्याला गप्प बसवण्याचा नव्हे. ‘आवडले का’ हा प्रश्न रुचीचा आहे. ‘कोणते विधान तुम्हांला मान्य नाही, आणि काय सुटले’ हा प्रश्न समीक्षेचा आहे. पहिल्याने वक्ता सुखावतो, दुसऱ्याने निबंध सुधारतो.

आपल्या साहित्यव्यवहारातील सर्वांत मोलाचा अभिप्राय तर सभेला न आलेल्या माणसाने दिला आहे. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ च्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले, आणि का नाकारतो हेही पत्राने कळवले: जे सर्वांना माणसाचे हक्क मनापासून देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचा मेळ बसणार नाही. हा आक्षेप भोजनव्यवस्थेवर नव्हता. सभा कोणाची, यावर होता. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, तेव्हाही तोच प्रश्न उभा होता. न ऐकलेला श्रोता नाहीसा होत नाही. तो आपला मांडव वेगळा घालतो.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक सत्राचा तिसरा हिस्सा श्रोत्यांसाठी राखावा आणि अध्यक्षीय समारोपाने तो गिळू नये. अभिप्राय सत्रानंतर, नावाविना, प्रमाणपत्राशी संबंध न ठेवता घ्यावा. ज्याला लिहिणे जड जाते त्याचे म्हणणे त्याच्याच बोलीत टिपून घ्यावे. हे आक्षेप निबंधांसोबत छापावेत, आणि पुढील वर्षीच्या सत्राचा आरंभ त्यांच्या उत्तराने करावा. एवढे करण्याची तयारी नसेल, तर वाचककेंद्री समीक्षेची भाषा तरी आम्ही सोडून द्यावी. मागच्या रांगेतील धवलारीण ज्यांना ऐकू येत नाही, त्यांनी सहृदयाविषयी बोलू नये.