मानसिक आजार : दिव्यांग प्रमाणपत्र नाकारलं तर काय कराल?

‘डॉक्टर, तपासणीत सांगितलं, मुलगा ठणठणीत आहे.’ स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे पालक हे सांगतात, तेव्हा त्यांचा धीर सुटलेला असतो. पण नकार म्हणजे शेवट नव्हे.

दिव्यांगत्व ठरवताना फक्त आजाराचं नाव पाहत नाहीत. ‘आयडियाज’ या मापनात चार गोष्टी तपासतात : स्वतःची निगा, लोकांशी वागणं, संवाद व समज, आणि काम. आजार किती वर्षांचा, तेही धरतात. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. अडचण अशी, की तपासणीला रुग्ण घरच्यांनी आंघोळ घालून, गोळी देऊन आणलेला असतो. पाच मिनिटं नीट बोलतो. घरातली परिस्थिती कागदावर येतच नाही.

म्हणून नकाराचं कारण लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार अपील करता येतं. मुदत निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवस. रुग्णाला जमत नसेल, तर कायदेशीर पालक अपील करू शकतात. अर्ज कुणाकडे द्यायचा, ते जिल्हा रुग्णालयात विचारा.

सोबत जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि वरच्या चार मुद्द्यांवर मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र जोडा. आंघोळीसाठी किती वेळा सांगावं लागतं, नोकरी कधी सुटली, हे जसं आहे तसं लिहा.

आणि एक कळकळीची विनंती : रुग्ण ‘आजारी दिसावा’ म्हणून गोळ्या थांबवू नका. प्रमाणपत्रासाठी पुन्हा अर्ज करता येतो. उलटलेला आजार आवरणं फार कठीण जातं.