गावातल्या गॅरेजात गाडी दिली की वॉरंटी जाते?
सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या गाडीमालकांना ही भीती हमखास घातली जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावताना बजावले होते, की केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. प्रकरण पुढे अपिलात गेले. त्यामुळे वॉरंटी पुस्तिका आधी वाचाच. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला, तर कंपनी हात वर करू शकते. म्हणून गॅरेजचा बोर्ड केवढा, यापेक्षा ते पक्के बिल देते का, हे पाहावे. बिलावर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड हवा. बदललेला पार्ट मागून घ्या. तो दाखवायला टाळाटाळ झाली, तर पुढची सर्व्हिसिंग दुसरीकडे. वाद मिटत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे : १९१५.