साडेसहा बँडचा उंबरठा

परदेशी शिकायला जाण्यासाठी अर्ज करणारी मुले-मुली आमच्या वस्त्यांत आता नवलाची राहिलेली नाहीत. पूर्वी पाच-सात वर्षांत एखादा निघायचा. आता रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली की दोन-तीन फायली तरी आमच्यापुढे उघडतात. गुणपत्रिका उत्तम, जातीचा दाखला आहे, वैधता प्रमाणपत्र आहे, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखलाही ताजा. मग आम्ही विचारतो, "आयेल्ट्स दिली का?" मुलगा मान खाली घालतो. "देणार आहे, काका." या 'देणार आहे'ने किती मुलांची वर्षे खाल्ली ते आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून आजचे सदर याच विषयावर.

वाचकांपैकी पुष्कळ माता-पित्यांना हे नाव ठाऊक नसेल. आयईएलटीएस, जिला मुले आयेल्ट्स म्हणतात, ती ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांचे इंग्रजी मोजणारी परीक्षा. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज अशा तिघांची ती मिळून आहे आणि १९८९ पासून चालते. अमेरिकेतील ईटीएस संस्थेची टोफेल तिच्याहून जुनी, १९६४ ची. पिअर्सन कंपनीची पीटीई आहे, ती संगणकावर होते. ड्युओलिंगोची परीक्षा घरी बसून तासाभरात होते, पैसेही कमी लागतात, पण ती सगळीच विद्यापीठे मानत नाहीत. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले आयेल्ट्सच देतात, तेव्हा तिच्याविषयीच बोलू.

या परीक्षेत पास-नापास नसते. शून्य ते नऊ असे बँड मिळतात. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चार भागांचे चार बँड आणि त्यांची सरासरी. परदेशातली बरीच विद्यापीठे पदव्युत्तर शिक्षणासाठी सरासरी साडेसहा मागतात. वर आणखी एक अट असते, ती घाईत कोणी वाचत नाही. कोणत्याही एका भागात सहापेक्षा, किंवा कुठे साडेपाचपेक्षा, कमी चालणार नाही. आमची मुले अडकतात ती इथेच.

आता हे शिष्यवृत्तीशी कसे जोडलेले आहे ते पाहा. विद्यापीठाचे प्रवेशपत्र दोन तऱ्हेचे असते. एक सशर्त, म्हणजे 'तुम्हांला घेतो, पण इंग्रजीचा दाखला आणा'. दुसरे विनाशर्त. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून आहे. जागा ७५, आणि विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक यादीत पहिल्या २०० मध्ये असावे लागते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या जागा १२५, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. दोन्हीकडे विनाशर्त प्रवेशपत्र मागतात. म्हणजे इंग्रजीचा बँड नाही, तर विनाशर्त पत्र नाही. पत्र नाही, तर अर्जच नाही. जाहिरात निघते तेव्हा हातात काही आठवडेच असतात. तेवढ्या वेळात परीक्षेची तारीख मिळवून, परीक्षा देऊन, निकाल विद्यापीठाला कळवून, त्यांच्याकडून नवे पत्र मागवायचे म्हणजे लग्नाच्या दिवशी मुलीच्या कपड्यांचे माप घेण्यासारखे आहे.

आमच्या ओळखीच्या एका मुलीचे असेच झाले. वडील गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करणारे, आई घरी शिवणकाम करते. मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत. ब्रिटनमधल्या एका चांगल्या विद्यापीठाचे सशर्त पत्र तिला जानेवारीत आले. घरात पेढे वाटले गेले. परीक्षा मात्र तिने जाहिरात निघाल्यावर दिली. ऐकणे सात, वाचणे सात, बोलणे साडेसहा, लिहिणे साडेपाच. सरासरी बरोबर साडेसहा! पण प्रत्येक भागात किमान सहा हवे होते. अर्धा बँड कमी पडला आणि शेवटची तारीख निघून गेली. पुढच्या वर्षी तिने दिवाळीनंतर लगेच परीक्षा दिली, लिखाणात साडेसहा आणले. इंग्रजी तिचे त्या एका वर्षात काही फार बदलले नव्हते. तिला परीक्षा काय मागते ते कळले होते.

आम्हांला सांगायचे आहे ते हेच. मराठी माध्यमाची मुले या परीक्षेला भितात ती इंग्रजीच्या न्यूनगंडापोटी. तिच्या कसोट्या मात्र निराळ्याच आहेत. वाचनाचा भाग घ्या. तीन मोठे उतारे, चाळीस प्रश्न, साठ मिनिटे. त्यात एक प्रश्नप्रकार असा की विधान बरोबर, चूक, की 'उताऱ्यात सांगितलेले नाही', ते ठरवा. भले भले हुशार विद्यार्थी या तिसऱ्या पर्यायावर आपटतात. शाळेत आपल्याला सवय लागलेली असते की प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतेच आणि ते आपल्याला आलेच पाहिजे. मुलाला बाहेरून माहीत असते की अमुक गोष्ट खरी आहे. तो 'बरोबर' लिहून मोकळा होतो. उताऱ्यात ती असते कुठे? आम्ही पोटापाण्यासाठी कारकुनी करतो. नस्तीवर शेरा मारताना 'नोंद चुकीची आहे' आणि 'अभिलेखात नोंद आढळत नाही' या दोन वाक्यांत किती अंतर आहे हे कोणत्याही जुन्या कारकुनाला विचारा. पहिल्या शेऱ्याने माणसावर चौकशी लागते, दुसऱ्याने फक्त पत्रव्यवहार वाढतो. मुलांना आम्ही हा भाग असाच समजावतो आणि त्यांच्या तो चटकन ध्यानात येतो. उतारा ही नस्ती. तिच्याबाहेरचे काही वाचायचे नाही.

लिखाणाचे दोन भाग. पहिल्यात एखादा आलेख किंवा तक्ता देतात, त्याचे वर्णन किमान दीडशे शब्दांत. दुसऱ्यात एखाद्या प्रश्नावर अडीचशे शब्दांचा निबंध, आणि याचे वजन पहिल्याच्या दुप्पट. दोन्ही मिळून एक तास. आमची मुले पहिल्या भागावर अर्धा तास घालवतात आणि निबंधाला वेळ उरत नाही. दुसरी खोड पाठांतराची. क्लासवाले दहा-पंधरा छापील निबंध हातात ठेवतात. तपासणाऱ्याला पाठ केलेला निबंध दोन ओळींत ओळखू येतो आणि गुण जातात. विचारलेल्या प्रश्नाला साध्या, शुद्ध वाक्यांत सरळ उत्तर द्यावे, बाजू मांडावी, उदाहरण द्यावे. जड शब्दांची आरास नको.

बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. मधल्या भागात हातात एक विषयाचे कार्ड देतात. एक मिनिट विचार करायचा आणि एक-दोन मिनिटे बोलायचे. चौदा एप्रिलला व्यासपीठावर बिनकागदाचे बोलणारी आमची मुले-मुली इथे का घाबरावीत? गोऱ्या साहेबासारखा उच्चार काढण्याची मुळीच गरज नाही. उच्चार स्पष्ट आणि समजण्याजोगा असला की झाले. काही मुले ओठ वाकडे करून बोलायला जातात आणि होते तेही बिघडवतात. ऐकण्याच्या भागात ध्वनिफीत एकदाच लावतात, पुन्हा नाही. कानाला सवय हवी, ती रोज अर्धा तास इंग्रजी बातम्या ऐकून होते.

कोणी म्हणेल, बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले तेव्हा कुठे होत्या असल्या परीक्षा? खरे आहे, टोफेल तेव्हा नव्हतीच. पण गंमत अशी की त्याच १९१३ साली केंब्रिजने परकीयांसाठी इंग्रजीची आपली पहिली परीक्षा घेतली. बारा तासांचे पेपर, तिघे परीक्षार्थी, आणि तिघेही नापास! त्या मानाने आजची तीन तासांच्या आतली आयेल्ट्स सोपी म्हणायची.

अन्याय यात नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ज्या देशांचे लोक जन्माने इंग्रजी बोलतात असे ब्रिटन मानते, त्यांच्या नागरिकांना हा दाखला लागत नाही. त्या यादीत भारत नाही, मग तुमचे सगळे शिक्षण इंग्रजीत झालेले असो. पण इथेही एक वाट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. ब्रिटनमधील कित्येक विद्यापीठे बारावीच्या इंग्रजीतले गुण पुरेसे असतील तर, किंवा पदवी इंग्रजी माध्यमातून घेतल्याचे कॉलेजचे पत्र असेल तर, परीक्षेची सूट देतात. प्रत्येकाचा नियम वेगळा, बोर्डागणिक गुणांची मर्यादाही वेगळी. सबब प्रवेश विभागाला ई-मेल लिहून स्पष्ट विचारावे आणि आलेले उत्तर छापून फायलीला लावावे. ई-मेलला पैसे पडत नाहीत.

पैशांचे म्हणाल तर परीक्षेचे शुल्क आज सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे. वॉचमनच्या घरात हा महिन्याचा पगार. शिष्यवृत्ती मिळाली की शासन लाखोंनी खर्च करते, पण तिच्या दाराशी पोहोचण्याचे भाडे आधी घरातून भरावे लागते. आम्ही अनेक मंडळांच्या बैठकांना बसतो. जयंतीच्या एका रात्रीच्या साउंड सिस्टिमचे बिल पाहिले की त्यात किती मुलांची परीक्षा झाली असती याचा हिशेब आमच्या बी.कॉम. डोक्यात आपोआप सुरू होतो. मंडळांनी रागवावे, पण वर्षाला दोन मुलांचे शुल्क आणि केंब्रिजच्या सराव प्रश्नपत्रिकांच्या पुस्तकांचा एक संच विहाराच्या वाचनालयात, एवढे कोणत्याही मंडळाला झेपेल.

परीक्षेच्या आधी पासपोर्ट हवा, कारण नाव नोंदवताना आणि केंद्रावर ओळख म्हणून तोच लागतो. इथे एक फार किरकोळ दिसणारी अडचण मोठी होऊन बसते. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर दुसराच क्रम, आणि स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर जास्त. जातीच्या दाखल्यावर तिसरेच. हे सगळे बारावीनंतरच एकसारखे करून घ्यावे. अंतिम वर्षात राजपत्राच्या मागे धावण्याची पाळी येऊ देऊ नये. निकाल दोन वर्षे चालतो, म्हणून फार आधीही परीक्षा देऊ नये. सप्टेंबरला जायचे असेल तर त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत ती आटोपावी. एखादा भाग राहिलाच तर हाताशी वेळ असतो. संगणकावर परीक्षा देणाऱ्याला ६० दिवसांच्या आत चारांपैकी एकच भाग पुन्हा देण्याची सोय आता आहे. ती आपले विद्यापीठ मानते का, हे तेवढे आधी विचारावे.

'बँडची हमी' देणाऱ्या एजंटांपासून दूर राहा. २०२२ साली गुजरातमधील मेहसाण्याकडचे काही तरुण कॅनडातून अमेरिकेत चोरून शिरताना पकडले गेले. न्यायाधीशांपुढे त्यांना इंग्रजीत एक वाक्य धड बोलता येईना, आणि कागदावर मात्र आयेल्ट्सचे साडेसहा-सात बँड! पोलिसांचा तपास थेट मेहसाण्याला आला. त्याआधी २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये टोइक नावाच्या परीक्षेत दुसऱ्यालाच बसवल्याचे बीबीसीने दाखवून दिले, तेव्हा तिथल्या सरकारने तीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले. त्यांतले कितीतरी आपण निर्दोष आहोत म्हणून वर्षानुवर्षे कोर्टात झगडले. लबाडी काहींनी केली, भरडले सगळे गेले. शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या आमच्या मुलाला तर असला डाग क्षणभरही परवडणारा नाही.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. अपेक्षेपेक्षा बँड कमी आला आणि मुलाला खात्री असेल की तपासणीत काही चुकले आहे, तर परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते. लिखाण आणि बोलणे या दोन भागांत माणूस गुण देतो, तेव्हा तिथे अर्ध्या बँडचा फरक पडू शकतो. फेरतपासणीचे पैसे आधी भरावे लागतात. बँड वाढला तर ते परत मिळतात.